‘कळवतो’ म्हणालेले गृहस्थ

सूड घेऊन समाधान मिळत नाही असं जे सांगतात, त्यांनी तो नीट घेतलेला नसतो. मी घेतला आहे. चांगला सहा वर्षं मुरवून घेतला, कैरीच्या लोणच्यासारखा, आणि अजूनही अधूनमधून पानात वाढून घेते. सिंगापुरात वाढलेली माझी नात इथल्या इंग्रजीत म्हणते, “आजी, सो मीन, लाह!” तिच्या शाळेत क्षमा शिकवतात. शिकवू देत. शाळेचं काम शाळेने करावं, आजीचं आजीने.

गोष्ट सुरू झाली ती सार्सच्या साथीच्या वर्षी. नवऱ्याला इथल्या चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही बुकित बातोकला राहायला आलो होतो. मी चाळिशीची, डॉक्टरेट झालेली, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत खिडकीत उभी राहून समोरच्या ब्लॉकमधल्या बायका बांबूवर कपडे कसे वाळत घालतात त्याचा अभ्यास करणारी.

डॉक्टरेट कणभौतिकीतली. लोकांना वाटतं त्यात अवाढव्य यंत्रं असतात. असतात, पण ती दुसऱ्या देशात. माझ्या वाट्याला आला होता एक कॉम्प्युटर आणि त्यात भरलेल्या टकरींच्या नोंदी. दोन कण एकमेकांवर आपटतात, चुरा उडतो, आणि त्या चुऱ्यात आपल्याला हवा तो कण असेलही किंवा नसेलही. तांदूळ निवडणारी बाई आणि मी, आमच्यात फरक एवढाच की तिला खडा दिसतो.

या कामात एक धोका असतो. जे हवं असतं ते दिसायला लागतं. म्हणून आमच्यात एक कडक शिस्त होती. निकाल ज्या आकड्यांत दडलेला असेल तो भाग आधी झाकून ठेवायचा. खरं कशाला म्हणायचं आणि खोटं कशाला, हे नियम तो भाग न बघता ठरवायचे, आणि मगच झाकण काढायचं. जे निघेल ते निघेल. मागाहून नियम बदलायचे नाहीत. ‘पेटी बंद ठेवणं’ म्हणायचो आम्ही त्याला. बोर्डाच्या पेपरवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो, तसंच काहीसं.

ही शिस्त मी टकरींना बिनचूक लावायची. माणसांच्या बाबतीत मात्र माझी पेटी सताड उघडी असायची, आणि तिच्यावर पायपुसणं घातलेलं असायचं: या, बसा.

एका संशोधन संस्थेत आकडेवारीचं विश्लेषण करायला माणूस हवा होता. मी अर्ज केला, मुलाखतीला बोलावणं आलं. त्या दिवशीची मी मला आजही लख्ख दिसते. रेशमी साडी, का तर लग्नातल्या साडीत आत्मविश्वास येतो असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. खाली चपटे काळे बूट, कारण वाटेत एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बदलायची होती. काखेत आलेखांची एवढी मोठी फाइल. इमारतीच्या दाराशी पहारेकऱ्याने कानात थर्मामीटर घालून ताप बघितला आणि ‘ठीक आहे’ अशा अर्थाचा एक गोल पिवळा स्टिकर पदरावर चिकटवला. रेशमावर! तो काढला तर साडी खराब होईल म्हणून बाई तशाच आत गेल्या, दुकानातल्या सफरचंदासारख्या.

आत तिघे होते. त्यांतल्या एका गृहस्थांनी आडनाव सांगितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मराठी! पुण्याचे! परदेशात मुलाखतीच्या टेबलापलीकडे मराठी माणूस दिसला की आपल्या लोकांना जे होतं ते मला झालं. वाटलं, आता काय, आपला माणूस आहे. मी तिघांना उत्तरं दिली, पण बघत राहिले त्यांच्याकडेच. त्यांनी मान डोलावली की मी आणखी एक आलेख काढायची. मुलाखत छान झाली. इतर दोघांनी प्रश्नावर प्रश्न विचारले, एकाने पेटी बंद ठेवण्याची पद्धत वहीत उतरवूनही घेतली.

मग ते गृहस्थ मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. मराठीत बोलायला लागले.

“बरं वाटलं हो मराठी ऐकून. तुमच्या आडनावावरून काही लक्षात येईना. मूळचे कुठले तुम्ही?”

“नागपूर,” मी म्हटलं. उत्साहाने.

“हो का? नागपूरमध्ये कुठे?”

आता ज्याला कळायचं त्याला हा प्रश्न कळतो. गावावरून कळलं नाही तर वस्ती विचारायची, वस्तीवरून कळलं नाही तर लग्नात काय काय करता ते विचारायचं. मी या प्रश्नावर लहानाची मोठी झाले होते. नागपुरात कोणी विचारला असता तर मी भुवई वर करून त्यालाच विचारलं असतं, “काहून? घरी येता का जेवायला?” पण हा सिंगापूरचा तेरावा मजला होता. इथे तो प्रश्न विमानातून आपल्यासोबत आला असेल हे त्या सफरचंदाला सुचलं नाही.

“इंदोरा,” ती म्हणाली. निळ्या झेंड्यांची आमची वस्ती; नागपूर थोडंही माहीत असलेल्याला पुढचं विचारावं लागत नाही.

“अच्छा. अच्छा, अच्छा.” त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. ते आधीच पेटलेलं होतं, तरी पुन्हा दाबलं. “छान झाला इंटरव्ह्यू. कळवतो.”

कळवतो! मुलगी बघायला आलेले पोहे खाऊन, चहा पिऊन, चपला घालताना म्हणतात तो शब्द. आणि बघून गेलेली मुलगी जशी घरातल्यांची नजर चुकवून दाराकडे बघत राहते, तशी मी फोनकडे बघत राहिले. आंघोळीला जाताना फोन बाथरूमच्या दाराशी आणून ठेवायची. नवऱ्याने एकदा भावाला फोन लावला तर मी खुणा करून करून त्याला ठेवायला लावला. लाइन अडकते ना! एकदा मीच संस्थेत फोन केला. एका मुलीने गोड आवाजात सांगितलं, तुमच्याशी ते सर स्वतःच बोलणार आहेत, थांबा. थांबले. पुढे ती जागा भरल्याचं कोणाकडून तरी कळलं.

तुम्ही म्हणाल, नाही मिळाली नोकरी, त्यात काय. माझा नवराही तेच म्हणायचा. “काहून एवढं मनाला लावून घेते? कामाला जुळलं नसेल.” आणि इथेच खरी गोम होती. जुळलं नसेलही! तो तिसरा ‘अच्छा’ माझ्या कानाने ऐकला होता, पण एका ‘अच्छा’वरून सिद्धान्त मांडला असता तर माझ्या गाइडने मला प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं. माझ्याकडे संशय होता, पुरावा नव्हता. नोकरी गेली खड्ड्यात. मला त्या माणसाच्या तोंडून कारण ऐकायचं होतं. त्याच आवाजात, मराठीत, स्पष्ट.

त्या दिवाळीला ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोत मराठी मंडळींचा फराळ होता. गृहस्थ तिथे चिवडा वाढत होते. मला बघून म्हणाले, “अरे वा, मॅडम! मग, मिळालं की नाही कुठे काही?” चारचौघांत. आणि मी काय म्हटलं असेल? आदल्या महिनाभर आरशासमोर मी जी भाषणं केली होती त्यांतलं एक जरी बाहेर आलं असतं तर चिवड्याचा डबा त्यांच्या हातून खाली पडला असता. मी म्हटलं, “प्रयत्न चालू आहेत, सर.” वर हसले. तोंडात चकली होती, म्हणून ते हसणंसुद्धा धड झालं नाही. घरी येऊन मी कढई इतकी घासली की नवऱ्याने विचारलं, नवीन आणली का?

त्यानंतर मला जे काम मिळालं त्याचा कणांशी काही संबंध नव्हता. ईस्ट कोस्टलाच एक डॅनिश म्हातारे राहत होते. आयुष्यभर जहाजांवर इंजिनियर, बायको इथलीच चिनी, ती वारलेली. डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालेलं. त्यांना आपल्या घराण्याचा इतिहास काढायचा होता. डेन्मार्कमधल्या चर्चच्या जुन्या नोंदींचे फोटो त्यांनी मागवले होते, वाचायला कोणी नव्हतं. त्यांची मुलगी इथल्या विद्यापीठात मानसशास्त्राची प्रोफेसर. तिने सगळे परवानगीचे कागद केले आणि मला नेमलं.

“डॅनिश येतं?” तिने विचारलं होतं.

“नाही. पण ज्यात काही दिसत नाही त्यात बघायची सवय आहे.”

“कॅन, लाह,” ती म्हणाली, म्हणजे जमेल की. याला म्हणतात मुलाखत.

म्हातारबुवा मला पहिल्या दिवसापासून ‘डॉक्टर’ म्हणायचे. सिंगापुरात तसं म्हणणारे ते पहिले. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते जुनं टोकदार अक्षर लावायला शिकले. मोडीची चुलत बहीण म्हणा. आणि मग मला त्यांच्या आडनावांची गंमत कळली. बापाचं पाळण्यातलं नाव घ्यायचं, त्याला ‘सेन’ जोडायचं, झालं मुलाचं आडनाव. नातवाचं आडनाव पुन्हा वेगळं, त्याच्या बापावरून. पाळण्यातली नावं मोजकीच, त्यामुळे अर्ध्या गावाचं आडनाव एक. गिरणीवाला तोच, गुराखी तोच, पाद्रीही तोच. आडनाव ऐकून माणूस ओळखायचा म्हटलं तर नाक घासून मरा, वास येणार नाही. पुढे सरकारने ती आडनावं कायमची केली, पण गोंधळ होऊन गेला होता. मी ते वाचून एवढी हसले की म्हातारबुवांनी काठी आपटली. “काय झालं, डॉक्टर?”

“काही नाही. तुमच्या देशात एका गृहस्थांना पाठवायचं मनात आहे. लिफ्टपाशी उभे राहून राहून वेडे होतील.”

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मारलं नाहीस?”

“चकली होती तोंडात.”

म्हातारबुवांना मात्र त्या गोंधळातून एकच गोष्ट हवी होती. त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं की आपला मूळपुरुष मोठ्या पाणचक्कीचा मालक. आणि सापडला की! नाव तेच, वय तेच, गाव तेच, पाणचक्कीवाला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी कागद जवळजवळ बंदच केला होता. मग उगीच पुढचं पान उलटलं, तर त्याच गावात, त्याच वर्षी जन्मलेला त्याच नावाचा दुसरा. तो दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याचा मुलगा.

आता कोणता आपला? तिथे बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीदार लिहिलेले असतात. बाळाला हातात घेणारी बाई कोण, शेजारी उभे कोण, कुठल्या वाडीचे. नाव खोटं बोलू शकतं. शेजारी उभी असलेली माणसं सहसा खोटं बोलत नाहीत. यावेळी मी पेटी बंद ठेवली. कुठल्या वाडीचे साक्षीदार निघाले तर पाणचक्कीवाला आणि कुठले निघाले तर राबणारा, हे आधी ठरवलं, म्हाताऱ्याकडून कबूल करून घेतलं, आणि मग ते अक्षर लावलं. राबणाऱ्याचा निघाला.

“पण माझे आजोबा म्हणायचे…” म्हातारबुवा म्हणाले. त्या आवाजात नुसतं नवल होतं. लबाडी नव्हती. हा आवाज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बरेच दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मग एकदा कॉफी पिताना म्हणाले, “बरं झालं. पाणचक्कीवाले फार मोजून पीठ देतात.”

हे सगळं त्यांची मुलगी दारात उभी राहून ऐकायची. तिचं संशोधन होतं नोकरीच्या मुलाखतींवर: मुलाखत घेणारे पहिल्या काही क्षणांतच मन बनवतात आणि उरलेला वेळ त्या मनाला पुरावे गोळा करतात, वगैरे. मला हे नवीन नव्हतं. तिने मला तिच्या प्रकल्पात घेतलं, आणि मी माझं सगळं सामान घेऊन गेले. भौतिकीतली बंद पेटी आणि डेन्मार्कचे साक्षीदार. आम्ही पद्धत बसवली ती अशी. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. उत्तरं टाइप करायची, त्यांतून नाव, देश, गाव, शाळा सगळं गाळायचं. कशाला किती गुण हे आधी ठरवायचं. गुण देणाऱ्यांपुढे फक्त टाइप केलेले कागद. आणि ज्या घटनेवरून उमेदवाराला चांगले गुण मिळाले असतील त्या घटनेचा एक साक्षीदार त्याने द्यायचा. साक्षीदार ‘नाही’ म्हणाला तर त्या प्रश्नाचे गुण गेले.

उमेदवारांना क्रमांक देणार होते. मी म्हटलं, फळांची नावं द्या, क्रमांकाने पहिला-शेवटचा डोक्यात बसतो. कारण पटलं सगळ्यांना. खरं म्हणजे मला एखाद्या बड्या माणसाला ड्युरियन, म्हणजे इथलं ते काटेरी, उग्र वासाचं फळ, म्हणायचं होतं.

प्रश्न ठरवताना एक मी घातला: तुम्ही कोणाला तरी नकार दिला असेल तो प्रसंग सांगा, त्या माणसाला तुम्ही काय आणि कसं कळवलं? प्रोफेसरबाईंनी माझ्याकडे बघितलं. “हा प्रश्न कुठून आला, डॉक्टर?”

“तेराव्या मजल्यावरून.”

ती हसली. प्रश्न राहिला.

मग मंदी आली. रोज कोणाच्या तरी कंपनीतून माणसं काढल्याची बातमी. एम्प्लॉयमेंट पासवर असलेल्यांचं बूड नोकरीला बांधलेलं. नोकरी सुटली की थोडक्या दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. त्या गृहस्थांची संस्थाही आकसली. ते सुटले. आणि आमच्या विद्यापीठात एका नव्या विभागाचा प्रमुख नेमायचा होता, आमच्याच पद्धतीने. त्यांनी अर्ज केल्याचं मला बेडोकच्या बाजारात एका बाईंनी सांगितलं, हातात दुधी धरून. मी तिच्या हातातला दुधी घेऊन स्वतःच्या पिशवीत टाकला. भानच नव्हतं.

गुण देणाऱ्या तिघांत एक मी होते.

आता गुण द्यायच्या दिवशीच्या माझ्या मनाचं वर्णन करते. मी बसमध्ये बसून ठरवलं की हा माणूस मी कागदावरून ओळखणार. वाक्यावरून, तोऱ्यावरून. आणि ओळखला की असा झोपवणार की पुन्हा लिफ्टचं बटण दाबताना बोट थरथरेल. म्हणजे ज्या बाईने पेटी बंद ठेवायचे नियम केले, तीच पेटीच्या फटीला डोळा लावायला निघाली होती. पहिलाच कागद ड्युरियनचा. पहिल्याच ओळीत लिहिलेलं, ‘मी नेहमी गुणवत्तेवर विश्वास ठेवला आहे.’ सापडला! हाच! मी पेन उघडलं. पण प्रत्येक गुणासाठी उत्तरातलं वाक्य आधार म्हणून दाखवायचं, हा नियम कोणी केला होता? मीच. कमी गुण द्यायला वाक्य शोधते आहे, शोधते आहे, आणि उत्तर आहे चांगलं. जीव चडफडला. दिले गुण.

मग रंबुतानचा कागद आला. नकाराचा प्रश्न. उत्तर इंग्रजीत होतं, अर्थ असा:

‘साथीच्या वर्षी एका महिलेला नकार द्यावा लागला. कणभौतिकीतली डॉक्टरेट. अतिशय हुशार, पण आमच्या कामाशी जुळत नव्हती. मी तिला परक्यासारखं पत्र पाठवलं नाही. स्वतः फोन केला, बराच वेळ बोललो, कुठे प्रयत्न करावा ते सुचवलं. आज ती उत्तम काम करते आहे. अजूनही भेटली की आभार मानते.’

साथीच्या वर्षी सिंगापुरात नोकरी शोधणाऱ्या, कणभौतिकीतल्या डॉक्टर बायका किती असतील? फार शोधावं लागलं नाही. ती खुर्चीवरच बसली होती.

आभार मानते! मी विभागाच्या बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि हसले. नंतर थोडी रडले असेन, पण नळ चालू होता. इतर दोघांनी त्या उत्तराला पैकीच्या पैकी दिले होते. त्यांची चूक नव्हती. कागदावर ते सगळ्यांत चांगलं उत्तर होतं.

मी सरळ प्रोफेसरबाईंच्या खोलीत गेले. “रंबुतान कोण आहे ते मला कळलं आहे. मला गुण देता येणार नाहीत.”

“कसं कळलं?”

“त्या कागदात मी आहे.”

तिने वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. माझ्या चकलीची हकीकत तिला वडिलांकडून माहीत होती. तिने माझे कागद माझ्या हातून काढून घेतले आणि म्हणाली, “आता तू परीक्षक नाहीस. तू साक्षीदार. आणि निकाल लागेपर्यंत तू त्यांच्याशी यातलं एक अक्षर बोलायचं नाही. ओके?”

“ओके, लाह,” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

सगळ्या उमेदवारांना नेहमीचा मेल गेला: अमुक घटनेच्या साक्षीदाराचं नाव द्या. आणि मग एका रविवारी सकाळी आमच्या घरचा फोन वाजला. तोच फोन, जो मी बाथरूमच्या दाराशी नेऊन ठेवायची.

“ताई, ओळखलंत का?”

सहा वर्षांपूर्वी मॅडम होते. आता ताई.

“आवाजावरून काही लक्षात येईना,” मी म्हटलं. “मूळचे कुठले तुम्ही?”

“अहो, पुण्याचा!” ते हसले, आणि नाव सांगितलं.

“हो का? पुण्यात कुठे?”

नवरा पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली केला. तिकडे गृहस्थांनी मोठ्या प्रेमाने पेठेचं नाव सांगितलं. सांगणारच. त्यांना तो प्रश्न कधी टोचलेलाच नव्हता.

“अच्छा,” मी म्हटलं. “अच्छा, अच्छा.”

“तर ताई, एक छोटंसं काम होतं. तुम्हाला आठवत असेल, तुमच्या त्या इंटरव्ह्यूनंतर मी तुम्हाला फोन केला होता…”

“केला होता?”

“अहो, म्हणजे काय! किती वेळ बोललो आपण. तर एका ठिकाणी मी तुमचं नाव देतो आहे. तुम्हाला विचारतील, एवढंच सांगायचं. शेवटी परदेशात आपणच आपल्या माणसांना धरून राहायचं, नाही का?”

आपल्या माणसांना. त्या क्षणी तोंडात चकली नव्हती. आरशासमोरची सगळी भाषणं घशापर्यंत आली, रांग लावून उभी राहिली. पण प्रोफेसरबाईंना शब्द दिला होता. आणि खरं सांगू? भाषणांपेक्षा चांगलं काहीतरी मला सुचलं होतं.

“कळवते,” मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

फोन पुन्हा वाजला. नंतर पुन्हा. नवरा उठायला लागला. “बस,” मी त्याला म्हटलं. “वाजू दे. मला ऐकायचं आहे.”

साक्षीदार म्हणून मला विद्यापीठाकडून लेखी प्रश्न आला: असा फोन आला होता का? मी लिहिलं, नाही. एवढंच. लिफ्टबद्दल नाही, इंदोऱ्याबद्दल नाही. विचारलं नव्हतं, आणि त्या गोष्टीला माझ्याकडे तेव्हाही पुरावा नव्हताच. त्या प्रश्नाचे त्यांचे गुण गेले. ती जागा ड्युरियनला मिळाली. झाकण काढलं तेव्हा ड्युरियन निघाली मनिलाची एक तरुण बाई, जी पुढे माझ्या हातचं वरण-भात आवडीने खायची. तिला मी झोपवायला निघाले होते हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

सूड इथे पुरा झाला असता. कोणी समंजस बाई असती तर थांबली असती. पण मी ‘कळवते’ म्हणाले होते, आणि मी कळवणाऱ्यांतली आहे. निकाल रीतसर लागला, सगळ्यांना मेल गेले, बोलायला मला मोकळीक झाली, तेव्हा मी फोन लावला. नवरा समोर लसूण सोलत बसला होता.

तिकडे खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा करकर आवाज येत होता. सामान बांधणं चाललं होतं.

“मी कळवते म्हणाले होते,” मी म्हटलं.

“अहो ताई, आता काय कळवता. त्यांचा मेल आला.”

“मला विचारलं होतं त्यांनी. मी ‘नाही’ म्हणून सांगितलं.”

करकर थांबली.

“पण मी फोन केला होता,” ते म्हणाले. “केला होता ना मी?”

आणि मला तो आवाज ओळखू आला. पाणचक्कीवाल्या म्हातारबुवांचा आवाज. नुसतं नवल. या माणसाने तो फोन इतक्या वेळा, इतक्या जणांना सांगितला होता की तो त्याच्या घराण्याच्या इतिहासात जाऊन बसला होता. मी सहा वर्षं ज्याच्यासाठी सुरी पाजळत होते त्या माणसाला, मी त्याच्यावर का चिडले आहे हेच माहीत नव्हतं! असला कसला सूड? मला त्याचा असा राग आला की तितका लिफ्टपाशीही आला नव्हता. मी ठरवलं, याला आठवायला लावल्याशिवाय विमानात बसू द्यायचं नाही.

“सर,” मी म्हटलं, “दारात ताप बघत होते. माझ्या साडीला पिवळा स्टिकर होता. तुम्ही मला लिफ्टपर्यंत सोडायला आलात. मूळचे कुठले, विचारलंत. मी नागपूर म्हटलं. नागपूरमध्ये कुठे, विचारलंत. मी इंदोरा म्हटलं. तुम्ही तीनदा अच्छा म्हणालात आणि पेटलेलं बटण पुन्हा दाबलंत.”

मागे कोणीतरी बाई विचारत होती, कोणाचा फोन आहे?

“आठवलं?”

“…स्टिकर होता,” ते हळूच म्हणाले. “हो.”

“फोन का नाही केलात?”

“तुम्हाला माहीत आहे की, ताई.”

“मला माहीत आहे. तुम्ही सांगा.”

मला वाटलं, ठेवणार आता. ठेवलाही असता, तर मी विमानतळावर गेले असते. एवढी तयारी होती. पण त्यांनी ठेवला नाही. खोलीतल्या दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, ते म्हणाले, “इंदोरा म्हणालात म्हणून.”

त्यांनी माफी मागितली नाही. मीही मागायला सांगितली नव्हती. मी “ठीक आहे” म्हटलं आणि फोन ठेवला.

नवरा माझ्याकडे बघत होता, हातातली पाकळी तशीच. “काय म्हणाला?”

“कळवलं त्यांनी,” मी म्हटलं, आणि अर्धा लसूण माझ्याकडे ओढून घेतला.